जुनं गाणं उघडायला नवं अपग्रेड का घ्यावं लागतं?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात एका मित्राचा फोन आला. सात वर्षांपूर्वी त्याच्या शॉर्टफिल्मसाठी मी एक गाणं केलं होतं, त्यातला मधला म्युझिकचा तुकडा वीस सेकंदांनी कमी हवा होता आणि गायिकेचा आवाज जरासा वर, बास. अर्ध्या तासाचं काम म्हणून मी लगेच हो म्हटलं. प्रोजेक्ट उघडला, सगळे ट्रॅक जागच्या जागी, नोट्स दिसतायत, प्रीसेटची (तयार करून ठेवलेल्या आवाजांची) नावंसुद्धा दिसतायत, आणि प्ले दाबलं तर अकरापैकी चार ट्रॅक एकदम गप्प. मधल्या काळात माझा कॉम्प्युटर बदललाय, आणि ते चार आवाज ज्या सिंथ बंडलमधले, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या वाद्यांच्या संचातले, होते त्याचं माझ्याकडचं व्हर्जन नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर बसतच नाही. कंपनीच्या सपोर्टला लिहिलं, उत्तर अगदी नम्र होतं, की तुमच्या व्हर्जनला आता सपोर्ट नाही, अपग्रेड घ्या. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण प्रश्न एका कंपनीचा नाहीच, हे पत्र त्या सगळ्या पद्धतीबद्दल आहे.

पेपरात फोनबद्दल, कॅमेऱ्याबद्दल बरंच छापून येतं, पण ज्या सॉफ्टवेअरवर आजची कितीतरी गाणी बनतात त्याच्या खर्चाबद्दल कुठे काही दिसत नाही म्हणून लिहावंसं वाटलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सिंथेसायझर म्हणजे वीज वापरून आवाज घडवणारं वाद्य. मिनीमूग १९७० चा, प्रॉफेट-५ १९७८ चा, ज्युपिटर-८ १९८१ चा, यामाहाचा डीएक्स-७ १९८३ चा. ही यंत्रं आज चांगल्या अवस्थेत मिळणं कठीण, मिळाली तर महाग, आणि त्यांची दुरुस्ती करणारे हात तर अजून कमी. मग १९९६ मध्ये स्टाइनबर्ग या म्युझिक सॉफ्टवेअर कंपनीने व्हीएसटी नावाची, गाणं करायच्या सॉफ्टवेअरमध्ये बाहेरचे छोटे प्रोग्राम जोडायची पद्धत आणली, १९९९ मध्ये तिच्यात वाद्यंसुद्धा बसायला लागली, आणि तेव्हापासून ही सगळी यंत्रं हळूहळू कॉम्प्युटरच्या आत आली. अशी वीस, तीस, चाळीस वाद्यं एकत्र करून एका किमतीत विकतात त्याला बंडल म्हणतात.

आणि आधीच सांगतो, मला बंडल प्रचंड आवडतं. पहिलं बंडल घेतलं त्या रात्री मी झोपलो नव्हतो, एकेक वाद्य उघडायचं, फिल्टरचा (आवाजाची धार कमी-जास्त करणारा) नॉब फिरवायचा, ऑसिलेटर (मूळ सूर काढणारा भाग) जरासा बेसूर करून दोन आवाज एकमेकांवर कसे तरंगतात ते ऐकत बसायचं. ज्या आवाजांवर आम्ही लहानपणापासून गाणी ऐकली ते आवाज आपल्या बोटाखाली आलेत हे खरंच वाटत नव्हतं. एरवी जे शिकायला एक अख्खा स्टुडिओ लागला असता ते मी त्या एका बंडलमुळे घरी बसून शिकलो, एफएम सिंथेसिस कशाला म्हणतात, वेव्हटेबल म्हणजे काय, एन्व्हलपचा अटॅक, म्हणजे आवाज चढायला लागणारा वेळ, थोडा वाढवला की तोच आवाज तंतुवाद्यासारखा का वाटायला लागतो, सगळं. त्यामुळे हे पत्र रागाचं नाही, यात आशा जास्त आहे.

तर खर्च. साधा हिशोब मांडतो, आकडे समजायला सोपे जावेत म्हणून धरलेले आहेत. समजा बंडलची पूर्ण किंमत १०० आणि अपग्रेडची ४०, आणि नवं व्हर्जन दर दोन वर्षांनी येतं. पहिल्या दिवसापासून जो प्रामाणिकपणे प्रत्येक अपग्रेड घेतो त्याचे दहा वर्षांत पाच अपग्रेड होतात, म्हणजे सुरुवातीचे १०० आणि वरचे २००, एकूण ३००. दुसऱ्याने १०० ला घेतलं, मधली चार व्हर्जनं सोडली आणि दहाव्या वर्षी एकच अपग्रेड घेतलं, त्याचे झाले १४०, कारण बऱ्याच बंडलांमध्ये तुम्ही एक व्हर्जन मागे असा नाहीतर पाच, अपग्रेडची किंमत एकच असते. आणि तिसरा, ज्याने दहा वर्षं काहीच घेतलं नाही, तो नोव्हेंबरच्या सेलमध्ये अर्ध्या किमतीत नवं कोरं बंडल ५० ला घेऊन जातो. दहाव्या वर्षी तिघांच्याही कॉम्प्युटरवर अगदी तीच वाद्यं आहेत. पहिल्याला मधली वर्षं नवी वाद्यं लवकर वापरायला मिळाली हे मान्य, पण त्या लवकरपणाची किंमत इतकी? जो कंपनीबरोबर सगळ्यात जास्त वर्षं राहिला त्यालाच सगळ्यात जास्त पैसे पडले, हे मला काही केल्या पटत नाही.

वेळापत्रक बघा. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्स कंपनीच्या कॉम्प्लीट या बंडलचं १० वं व्हर्जन २०१४ ला आलं, ११ २०१६ ला, १२ २०१८ ला, मग २०२०, २०२२ आणि २०२४ ला १३, १४, १५. दर दोन वर्षांनी, कॅलेंडर लावल्यासारखं. आर्टुरिया कंपनीच्या व्ही कलेक्शन या बंडलचं ७ वं व्हर्जन २०१९ मध्ये आलं तेव्हा त्यात २४ वाद्यं होती, २०२० च्या डिसेंबरात आठवं, २८ वाद्यं, २०२२ मध्ये नववं, ३३, मग २०२३ च्या डिसेंबरात दहावं, ३९, आणि २०२५ मध्ये अकराव्याच्या प्रो आवृत्तीत ४५. म्हणजे सहा वर्षांत जवळजवळ दुप्पट. नुसतं वाचून छान वाटतं, आणि त्यातली कित्येक वाद्यं खरोखर अप्रतिम आहेत, नवव्यात प्रॉफेट-५ आणि यामाहाचा सीएस-८० पुन्हा पहिल्यापासून बांधून दिले ते कामच वेगळ्या दर्जाचं आहे. पण माझ्यासारख्या माणसाला वर्षभराच्या कामात लागतात सहा-सात वाद्यं. बाकीची मी उघडून बघतो, खूश होतो आणि बंद करतो, नव्याचे नऊ दिवस. अपग्रेडचे पैसे मात्र पूर्ण पंचेचाळीसांचे.

या वेळापत्रकामुळे अजून एक गोष्ट होते, जिच्याबद्दल कोणी बोलत नाही. नवं व्हर्जन आलं की पहिल्या आठवड्यात पूर्ण भावाने अपग्रेड घेणारे असतात, आणि सेल लागला की तेच अपग्रेड अर्ध्या किमतीत मिळतं हे आता सगळ्यांना पाठ झालंय. म्हणून लोक थांबतात. मीसुद्धा थांबतो, आणि थांबताना वाईट वाटतं, कारण ज्या इंजिनिअरांनी दोन-दोन वर्षं राबून ते वाद्य बनवलं त्यांचं काम पहिल्या दिवशी ऐकायची मला खरी ओढ असते. किंमत पहिल्या दिवसापासून रास्त असती तर मी त्याच दिवशी घेतलं असतं, कंपनीलाही पैसे वेळेवर मिळाले असते.

आता कंपन्यांची बाजू, कारण ती न मांडता बोलणं बरोबर नाही. एकदा बनवलेलं सॉफ्टवेअर तसंच चालत राहत नाही. ॲपलने २०१९ मध्ये कॅटालिना ही मॅकची नवी ऑपरेटिंग सिस्टिम आणली आणि ३२-बिटचे सगळे जुने प्रोग्राम तिच्यावर एका फटक्यात बंद झाले. २०२० च्या नोव्हेंबरात त्यांनी स्वतःच्या एम१ चिपचे कॉम्प्युटर आणले, सगळ्यांना आपापली वाद्यं त्या चिपसाठी पुन्हा तयार करावी लागली. तिकडे स्टाइनबर्गने व्हीएसटी २ मागे टाकून सगळ्यांना व्हीएसटी ३ कडे न्यायला घेतलं. यातल्या एकाही गोष्टीतून ऐकणाऱ्याला नवा आवाज मिळत नाही, पण प्रोग्रामरचे महिनेच्या महिने जातात, आणि त्यांना पगार द्यावाच लागतो. हे पैसे कुठून येणार? नव्या व्हर्जनच्या विक्रीतून. म्हणून नव्या व्हर्जनमध्ये काहीतरी चमकदार दाखवावं लागतं, म्हणून आणखी सहा वाद्यं, आणखी शंभर प्रीसेट. मला वाटतं गोंधळाचं मूळ इथेच आहे. देखभालीचा खर्च आणि नव्या वाद्यांची किंमत, दोन्ही एकाच पावतीत बांधलंय. मला देखभाल हवीय, तिचे पैसे द्यायला मी आनंदाने तयार आहे, पण ती एकटी विकतच मिळत नाही, तिच्याबरोबर नवी वाद्यं घ्यावीच लागतात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत होते, अपग्रेड घेतलं तर न लागणाऱ्या गोष्टींचे पैसे जातात आणि नाही घेतलं तर जुनी गाणी गप्प होतात.

आणि कधीकधी अपग्रेड घेऊनही भागत नाही. ॲबसिन्थ नावाचा सिंथ होता, ब्रायन क्लेव्हिंजर यांनी बनवलेला, लांब श्वासाचे, सतत रूप बदलणारे आवाज काढावेत तर त्यानेच. कित्येक वर्षं तो कॉम्प्लीट बंडलचा भाग होता. २०२२ मध्ये तो बंद केला गेला, म्हणजे ज्यांनी इमानदारीत १४ वं व्हर्जन घेतलं त्यांच्या बंडलमध्येच तो नव्हता. लोकांनी इतकी हळहळ केली, आणि २०२५ च्या शेवटी तो सहाव्या आवृत्तीत परत आला, तेही मूळ बनवणाऱ्याला सोबत घेऊन. ती बातमी वाचून मला जो आनंद झाला तो मी घरच्यांना समजावून सांगू शकलो नाही. मेलेलं वाद्य परत येऊ शकतं, कंपनीने मनावर घेतलं तर. त्याच कंपनीच्या मॅसिव्ह एक्स या सिंथची आठवण मात्र वेगळी, २०१९ च्या फेब्रुवारीत येणार म्हणून सांगितला होता, आला जूनमध्ये, आणि त्याला एव्हीएक्स ही सोय असलेला प्रोसेसर लागतो हे वाचल्यावर जुने कॉम्प्युटर असलेले कितीतरी जण तिथेच अडकले. बंडलच्या अपग्रेडचा खर्च मोजताना हा कॉम्प्युटरचा खर्च कोणी मोजत नाही, एसएसडीचाही नाही, काही बंडलं तर शेकडो जीबी खातात.

याच्या उलट मिडी बघा. १९८३ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांनी एकत्र बसून ठरवलं की एका कंपनीचा कीबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या सिंथशी बोलू शकेल. रोलँडचे इकुतारो काकेहाशी आणि सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांना त्या कामासाठी २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळालं. त्या काळचा डीएक्स-७ आज पाच पिनांच्या केबलने माझ्या नव्या कॉम्प्युटरच्या इंटरफेसला जोडला तर नोट वाजते. चाळीस वर्षं! २०२० मध्ये मिडी २.० आलं तेव्हासुद्धा जुन्याला धक्का लावला नाही. माझं गाणं सात वर्षांत पूर्ण वाजेनासं झालं, आणि चाळीस वर्षांपूर्वीचं यंत्र अजून बोलतंय, हे मला झोपू देत नाही.

चांगली उदाहरणं नाहीत असं मुळीच नाही. स्टीव्ह ड्यूडा यांच्या एक्सफर कंपनीचा सेरम हा सिंथ २०१४ चा, दहा वर्षांनी २०२५ च्या मार्चमध्ये सेरम २ आला, नवं इंजिन, सॅम्पल, ग्रॅन्युलर, काय काय, आणि ज्यांच्याकडे पहिला होता त्यांना फुकट! एफएल स्टुडिओ या गाणी बनवायच्या सॉफ्टवेअरवाले तर कित्येक वर्षांपासून आयुष्यभर फुकट अपडेट देतायत. ही पद्धत प्रत्येक कंपनीला झेपेल असं मी म्हणणार नाही, एक वाद्य विकणारा छोटा माणूस आणि पन्नास वाद्यं सांभाळणारी मोठी कंपनी यांचं गणित वेगळं असतं. आर्टुरिया लॉगिन केल्यावर तुमच्याकडे आधीपासून काय काय आहे ते बघून तुमच्यापुरती किंमत दाखवतं, हे मला खूप योग्य वाटतं, सगळ्यांनीच करावं. हप्त्याने भाडं भरत भरत शेवटी वाद्य आपलं होतं ती योजनासुद्धा चांगली, शिकणाऱ्या पोरांना तीच परवडते.

निव्वळ सबस्क्रिप्शन मात्र मला नको. महिन्याचा आकडा छोटा दिसतो खरा, पण भाडं थांबलं की त्या वाद्यांवर केलेली सगळी गाणी थांबतात, आजारपण आलं, काम थांबलं, दोन महिने पैसे नाही भरता आले की तुमचंच जुनं काम तुम्हाला उघडता येत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये वेव्ह्ज या ऑडिओ सॉफ्टवेअर कंपनीने कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद करून फक्त सबस्क्रिप्शन ठेवायचं जाहीर केलं, लोक इतके चिडले की काही दिवसांतच निर्णय मागे घ्यावा लागला. म्हणजे बोललं की ऐकतात, हे मी मनाशी पक्कं धरून ठेवलंय आणि म्हणूनच हे पत्र लिहितोय.

येणाऱ्या व्हर्जनांकडून काय हवंय म्हणाल तर माझी यादी फार मोठी नाही. स्क्रीनवरची वाद्याची खिडकी मोठी करता यावी, डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत आणि काही सिंथची अक्षरं अजून मुंगीएवढी आहेत. एका कॉर्डमधल्या एकेका बोटाचा सूर वेगळा ओढता यावा, त्यासाठी एमपीई आहेच, २०१८ पासून ते रीतसर मिडीचा भाग आहे, तरी कितीतरी वाद्यांत अजून नाही. बंडलमधलं हवं तेवढंच इन्स्टॉल करता यावं. इंटरनेट नसतानाही लायसन्स चालू करता यावं, कारण शोच्या आधी बॅकस्टेजला नेट नसतं आणि तेव्हाच नेमकं लॉगिन मागितलं जातं.

पण खरी मागणी एकच. विकतानाच लिहून द्या की हे व्हर्जन अमुक वर्षांपर्यंत नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं ठेवू, आणि त्यानंतर देखभालीचं छोटं, वेगळं अपग्रेड देऊ, ज्यात नवं वाद्य एकही नसेल, फक्त जुनं जसंच्या तसं वाजेल. जसंच्या तसं यावर माझा जोर आहे. वाद्य पुन्हा बांधलं की फिल्टर थोडा वेगळा वाजतो, कंपनी म्हणते आता मूळ यंत्राच्या जास्त जवळ गेलोय, खरंही असेल, पण माझं गाणं मूळ यंत्रावर केलेलं नव्हतं, तुमच्या जुन्या व्हर्जनवर केलं होतं, माझ्या गाण्यासाठी तोच ओरिजिनल. म्हणून नव्या वाद्यात जुनं इंजिन एका बटणामागे ठेवा. जागा किती लागेल त्याला.

कोणी म्हणेल फुकटवाली वाद्यं वापरा. वापरतोच की. सर्ज २०१८ मध्ये ओपन सोर्स झाला, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला झाला, आणि तेव्हापासून जगभरातली माणसं तो सांभाळतायत, व्हायटलचं फुकट व्हर्जन २०२० पासून आहे, डीएक्स-७ च्या आवाजांसाठी डेक्स्ड आहे. शिकणाऱ्याने यांच्यापासूनच सुरुवात करावी असं मी प्रत्येकाला सांगतो, पहिल्याच दिवशी मोठं बंडल घेऊन प्रीसेटच्या जंगलात हरवण्यापेक्षा एक सिंथ सहा महिने पिंजून काढावा. ओपन सोर्सचा मोठा फायदा हा की बनवणारा थकला तरी दुसरा कोणी पुढे नेऊ शकतो. क्रॅकबद्दल मात्र मला विचारूच नका, अपग्रेड महाग म्हणून चोरी बरोबर होत नाही, आणि ज्या छोट्या कंपन्या चारपाच माणसांवर चालतात त्यांचा त्याने जीव जातो.

मित्राच्या गाण्याचं काय झालं ते सांगतो. दोन रात्री बसून ते चार आवाज दुसऱ्या सिंथवर नव्याने बांधले. बेस जमला, बेलसारखा आवाज जमला, तिसराही ठीक. पण मागे जो पॅड, म्हणजे लांब, मऊ आवाजाचा थर होता, गायिका थांबते तिथे हळूच वर येणारा, तो नाही जमला. त्यात फिल्टर उघडताना एक खरखर होती, ती त्या जुन्या व्हर्जनचीच होती. मित्र म्हणाला छान झालंय, काही फरक कळत नाही. मला कळतो. तेव्हापासून प्रत्येक गाणं संपलं की सगळे ट्रॅक वेगवेगळे ऑडिओत बाउन्स करून, म्हणजे थेट रेकॉर्डिंग म्हणून साठवून, प्रीसेटच्या फाइली आणि इन्स्टॉलरसकट दोन डिस्कवर ठेवतो. ज्यांच्याकडे जुना कॉम्प्युटर अजून चालू आहे त्यांनी तो विकण्याआधी एवढं जरूर करावं, मी करायला हवं होतं.

त्या कंपनीचं नवं व्हर्जन येतंय असं ऐकलंय. मी त्यांना ईमेलवर एकच प्रश्न विचारलाय, माझ्या जुन्या व्हर्जनचे प्रोजेक्ट यात उघडतील का आणि तसेच वाजतील का. अजून उत्तर नाही. 'हो' आलं तर मी सेलची वाट बघणार नाही, त्याच दिवशी पूर्ण भावाने पैसे भरीन आणि पहिल्यांदा तो पॅड वाजवीन.

आपला,
एक वाचक, गाण्यांचं म्युझिक अरेंज करणारा